मधला गठ्ठा

टेबलमधल्या दुबार नोंदी शोधायची क्वेरी पाच मिनिटांत शिकवता येते. संशय ज्या कॉलमवर आहे त्यावर ‘ग्रुप बाय’ लावायचं, ‘हॅविंग’मध्ये काउंट एकाहून जास्त अशी अट घालायची, की यादी समोर येते. हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला, मुलीला मी हे पहिल्याच दिवशी दाखवते. त्या यादीचं पुढे काय करायचं, हे कळायला मात्र वर्षं लागतात. मलाही लागली. पश्चिम महाराष्ट्रातल्या नागरी सहकारी बँका, पतसंस्था, दूध संस्था आणि काही रुग्णालयं यांचा जुना डेटा नव्या प्रणालीत नेणं, आणि नेण्याआधी तो निस्तरणं, हे माझं काम. त्यात सगळ्यात जास्त वेळ घेतला तो दुबार नोंदींनी.

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गणितातला संच होता. संचात एक घटक एकदाच येतो, त्यामुळे तत्त्वतः दुबार ओळ असूच शकत नाही. पुढे प्रत्यक्षात आलेल्या एसक्यूएलने हा नियम सक्तीचा ठेवला नाही. प्रायमरी की किंवा युनिक कन्स्ट्रेंट आपण स्वतः लावली नाही, तर टेबल येईल ते मुकाट्याने ठेवून घेतं. मी पाहिलेल्या बऱ्याच जुन्या टेबलांत ती लावलेली नव्हती. लावलेली होती तिथेही ती क्रमांकावर होती, माणसावर नव्हती. एकाच माणसाला दोन क्रमांक दिले गेले, तर कन्स्ट्रेंटला त्यात काही वावगं दिसत नाही.

कोअर बँकिंग येण्याआधी प्रत्येक शाखेचा संगणक वेगळा होता आणि ग्राहक क्रमांक प्रत्येक शाखेत एकपासून सुरू व्हायचा. शाखा एकत्र आणल्या की ग्राहक क्रमांक १ म्हणून जितक्या शाखा तितकी माणसं निघायची. हा प्रश्न सोपा. क्रमांकाआधी शाखेचा कोड लावला की मिटतो. खरा प्रश्न उलट्या बाजूचा. पेठेतल्या शाखेत चालू खातं, घराजवळ बचत खातं आणि तिसरीकडे ठेव असलेला व्यापारी तीन माणसं होऊन बसलेला असायचा. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये प्रत्येक ग्राहकाला एकच ओळख क्रमांक द्या असं बँकांना सांगितलं, तेव्हापासून या तिघांचा एक करणं भागच झालं.

पण एक करायचं कशावरून? नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस तोच, असं बहुतेक पाठ्यपुस्तकी उदाहरणांत धरलेलं असतं. आपल्याकडच्या जन्मतारखेच्या कॉलमवर एकदा काउंट लावून पाहावा. १ जून इतर सगळ्या तारखांच्या वर निघून जातो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, बाप पोराला घेऊन गुरुजींपुढे उभा राहायचा, नेमकी तारीख घरात कुणालाच ठाऊक नसायची, आणि पटावर १ जून लागायचा. तीच तारीख शाळेच्या दाखल्यावर गेली, दाखल्यावरून पॅन कार्डावर आणि तिथून बँकेत. त्यामुळे एकाच गावातल्या, एकाच नावाच्या दोन पाटलांची जन्मतारीख १ जून आणि सालही तेच असलं, तरी त्यावरून ते एकच आहेत असं म्हणायची माझी हिंमत होत नाही. तेच एखाद्या क्वचित आढळणाऱ्या आडनावाच्या माणसाची तारीख १७ फेब्रुवारी असली आणि दोन्हीकडे जुळली, तर माझी जवळजवळ खात्री पटते.

हा विचार माझा नव्हे. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या कॅनडातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याचा सिद्धान्त मांडला, त्याच्या गाभ्यात हे आहे. प्रत्येक जुळणीला वजन द्यायचं: दुर्मीळ गोष्ट जुळली तर जास्त, सर्रास आढळणारी जुळली तर कमी. सगळी वजनं एकत्र करून जोड्यांचे तीन भाग पाडायचे. एक, निश्चित तोच माणूस. दोन, निश्चित वेगळा. आणि यांच्या मधला तिसरा गठ्ठा, ज्याचा निकाल यंत्राने देऊ नये, माणसाने कागद पाहून द्यावा. मला हे वाचायला मिळालं तोवर मी या कामात बरीच पुढे आले होते, आणि तो मधला गठ्ठा रोजच्या ओळखीचा झाला होता. प्रत्येक ग्राहक संस्थेला तो नकोसा असतो, कारण त्याला वेळ लागतो. माझ्या मते या सगळ्या कामाची अब्रू त्याच गठ्ठ्यात असते.

का, ते एका प्रसंगाने सांगते. एका सहकारी बँकेवर निर्बंध आले होते. ठेव विम्याचं संरक्षण २०२० च्या फेब्रुवारीपासून एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत आहे. त्याआधी १९९३ पासून ते एक लाख होतं. सगळ्या शाखांतल्या ठेवी एका माणसाच्या नावाखाली एकत्र करून ही मर्यादा मोजतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेला ४५ दिवसांत ठेवीदारांची यादी द्यावी लागते. म्हणजे अशा वेळी दोन नोंदी एक ठरवणं हा हिशेबाचा तपशील राहत नाही. दोन माणसांना चुकून एक केलं, तर दहा लाखांच्या हक्काचे पाच होतात. एका माणसाला चुकून दोन ठेवलं, तर विमा महामंडळाकडे खोटी मागणी जाते. संयुक्त खात्यांचं तर आणखी बारीक आहे. दोन खात्यांत माणसं तीच पण नावांचा क्रम वेगळा असेल, तर त्या ठेवी वेगळ्या हक्काने धरलेल्या मानतात आणि त्यांना वेगळं संरक्षण मिळतं. मी नेहमी नावं अक्षरक्रमाने लावून तुलना करते. इथे तसं केलं असतं, तर लोकांचा पैसा गेला असता.

त्या यादीत एक जोडी वरच्या, निश्चित समजल्या जाणाऱ्या भागात आली. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, गल्ली सगळं तेच. एका नोंदीत जन्मतारीख होती, दुसरीत रिकामी. रिकामं म्हणजे विरोध नाही, असा नियम त्या संस्थेच्या संगणक विभागाने आधीच ठरवून दिला होता. मी ती जोडी खाली, मधल्या गठ्ठ्यात ओढली, कारण दोन खाती उघडल्याच्या तारखांत चार दशकांचं अंतर होतं. शाखेतून एक निवृत्त हेडक्लार्क मदतीला यायचे. त्यांनी कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, हे आजोबा, हा नातू. आजोबा जाऊन किती वर्षं झाली.”

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबा विठ्ठल रामचंद्र, मुलगा रामचंद्र विठ्ठल, नातू पुन्हा विठ्ठल रामचंद्र. एक पिढी सोडून पूर्ण नाव जसंच्या तसं परत येतं, आणि घर तेच असलं तर पत्ताही. आजोबांची ठेव पावती कुणी मोडली नव्हती, ती वर्षानुवर्षं पडून होती. दोन नोंदी एक झाल्या असत्या, तर ती रक्कम नातवाच्या नावावर गेली असती. त्या रकमेवर नातवाच्या वडिलांचा हक्क होता, तसाच तीन आत्यांचाही होता. त्यांना ते कधी कळलंही नसतं. त्यानंतर रिकाम्या जन्मतारखेला जुळणी मानण्याच्या नियमावर मी सही करत नाही.

रिकाम्या जागांबद्दल एवढंच सांगते की डेटाबेसही त्यांच्याशी एका रीतीने वागत नाही. ‘ग्रुप बाय’ सगळे नल एका गटात टाकतं, त्यामुळे पॅनवर दुबार शोधलं की सगळ्यात मोठा गट पॅन नसलेल्यांचा निघतो. युनिक कन्स्ट्रेंट मात्र पोस्टग्रेस, मायएसक्यूएल यांत कितीही नल चालवून घेते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच चालतो. रकाना सक्तीचा केला की प्रश्न सुटतो असं वाटतं. तसं होत नाही. मोबाइल क्रमांक सक्तीचा केलेल्या एका पतसंस्थेत दहा वेळा नऊ असलेला क्रमांक सर्वाधिक आढळला, आणि त्याच्या खालोखाल एका शाखाधिकाऱ्याचा स्वतःचा. ज्या आजीबाईकडे फोनच नव्हता, तिच्या खात्यावर त्याने आपला नंबर टाकला होता, म्हणजे तिचा फॉर्म अडू नये. त्याला मी दोष देत नाही. पण खोटी भरलेली जागा रिकाम्या जागेपेक्षा वाईट. रिकामी जागा निदान आपण रिकामी आहोत हे सांगते.

देवनागरीतल्या डेटाने वेगळीच परीक्षा घेतली. दोन नोंदी पडद्यावर अक्षरशः सारख्या आणि क्वेरी त्यांना वेगळं म्हणते, हा अनुभव पहिल्यांदा आला तो वकिलांच्या एका यादीत. नावाआधीचं ‘ॲड.’ एकीकडे ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनी बनलेलं होतं, दुसरीकडे २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या स्वतंत्र ‘ॲ’ने. नॉर्मलायझेशन केलं तरी ही दोन एक होत नाहीत. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडकर’ यांतला अर्धा र कुणी ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहितो, कुणी साध्या ‘र’पुढे हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही. विसर्गाच्या जागी कोलन, मराठी अंकांच्या जागी इंग्रजी अंक, नावाच्या शेवटी राहिलेली एक स्पेस, आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना जागा सोडून गेलेली पहिली वेलांटी, हे सगळं त्यातच. आता मी तुलनेसाठी नावाचा एक वेगळा कॉलम बनवते, सगळे संस्कार त्याच्यावर करते, आणि मूळ नाव जसं आलं तसं ठेवते. माणसाने आपलं नाव कसं लिहावं हे ठरवायचा अधिकार मला नाही.

रोमन लिपीतल्या नावांसाठी बहुतेक डेटाबेसमध्ये साउंडेक्स असतं. रॉबर्ट रसेल या अमेरिकी माणसाने १९१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि ते इंग्रजी कानासाठी बनलेलं आहे. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांचे अंक करायचे, ही त्याची रीत. आता ‘वाघ’ हे आडनाव घ्या. कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. पहिलं अक्षर बदललं म्हणून साउंडेक्स या दोन वाघांना वेगळं काढतं. आणि व्हीने लिहिलेला वाघ आणि व्हीने लिहिलेले वझे यांना मात्र एकच कोड देतं, कारण त्याच्या लेखी जी आणि झेड एकाच गटातले. मग मी आपल्या आडनावांचे स्वतःचे नियम लिहिले: व्ही-डब्ल्यू एक, ‘लक्ष्मण’मधला एक्स आणि के-एस-एच एक, ‘चव्हाण’मधला एच असो वा नसो. ही यादी अजून वाढतेच आहे.

मला बदलून टाकणारं काम नावांचं नव्हतं, दुधाचं होतं. एका गावच्या दूध संस्थेचा डेटा आला. संकलनाच्या टेबलात सभासद क्रमांक, तारीख, लिटर, फॅट आणि एसएनएफ असे कॉलम. जुन्या प्रणालीतून फाइल काढताना वीज गेली होती, ती पुन्हा चालवली गेली, आणि काही दिवसांच्या नोंदी दोनदा आल्या. संस्थेचं म्हणणं सरळ होतं: पूर्णपणे सारख्या ओळींतली एक ठेवा, बाकीच्या काढा. ‘रो नंबर’ देऊन, ‘पार्टिशन बाय’ सगळे कॉलम, एकपेक्षा मोठा क्रमांक असलेली प्रत्येक ओळ पुसायची. क्वेरी तयारही होती.

पण सारख्या ओळी वीज गेलेल्या दिवसांपुरत्याच नव्हत्या, वर्षभर पसरलेल्या होत्या. मी पहाटे संस्थेत जाऊन बसले. माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी होती. सकाळी दूध घातलेली तीच माणसं संध्याकाळी पुन्हा आली. ज्याच्या गोठ्यात एकच म्हैस आहे, त्याचं दूध दोन्ही वेळेला तेवढंच आणि तसंच भरलं, यात नवल काय? जुन्या प्रणालीत सकाळ-संध्याकाळचा कॉलम होता. फाइल काढणाऱ्याने तो अनावश्यक म्हणून गाळला होता. पूर्ण सारखी दिसणारी ओळ पुसली असती, तर त्या माणसाचं संध्याकाळचं दूध पुसलं गेलं असतं, आणि दहा दिवसांच्या बिलात ते पैसे आले नसते. ज्यांचं दूध थोडं आणि एकसारखं, त्यांचंच नुकसान सर्वांत जास्त झालं असतं. मोठ्या गोठेवाल्याचे आकडे सहसा जुळतच नाहीत. मूळ प्रणालीतून तो कॉलम परत मागवला, तेव्हा दोनदा आलेल्या नोंदी आपोआप उघड्या पडल्या.

तेव्हापासून सगळे कॉलम जुळलेली ओळ मला दुबार वाटत नाही. मी आधी विचारते, या ओळीतून कोणता कॉलम गळला आहे? मुदत ठेवींतही हेच. लोक पाच लाख ठेवायचे असले तर एकाच दिवशी एक-एक लाखाच्या पाच पावत्या करतात, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येते. पावती क्रमांक नसलेल्या अहवालात या पाच ओळी तंतोतंत एक. एका बँकेच्या अहवालात ठेवींची बेरीज खतावणीपेक्षा जास्त येत होती, कारण खातेदारांच्या टेबलशी जॉइन केल्यामुळे संयुक्त ठेव दोनदा मोजली जात होती. कुणीतरी वर ‘डिस्टिंक्ट’ लावलं. संयुक्त ठेवी एकदा आल्या आणि पाच-पाच पावत्यांच्याही एक-एक झाल्या. बेरीज कमी होऊन खतावणीच्या जवळपास आली, म्हणून पुढे कुणी पाहिलं नाही. टेबलमध्ये मुळात एकही दुबार ओळ नव्हती. ‘डिस्टिंक्ट’ दिसलं की ते तिथे का आहे हे विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही.

एक्सेलमधून येणाऱ्या तक्रारींचा निकाल आता लवकर लागतो. खाते क्रमांक सोळा आकडी असेल, तर एक्सेल पंधरा अंक जपतं आणि सोळाव्याचं शून्य करतं. लागोपाठच्या दहा खात्यांचा एकच क्रमांक होतो. खाते क्रमांक मजकूर म्हणून आणायचा, एवढाच उपाय.

‘आधार असताना हा खटाटोप कशाला?’ असं हमखास विचारतात. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं तपासून एका माणसाला एकच क्रमांक, ही त्यामागची व्यवस्था मोठीच आहे. पण त्याआधी वारलेल्यांना आधार नाही, आणि पडून असलेला पैसा बहुधा त्यांचाच असतो. शिवाय बायकोच्या खात्यावर नवऱ्याचा क्रमांक चढवलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. क्रमांक अचूक असतो, पण तो तिचा नसतो.

बायकांच्या नोंदी मी स्वतः पाहते, दुसऱ्यावर सोपवत नाही. लग्नाने वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, काही घरांत पहिलं नावही बदलतात, आणि गाव तर बदलतंच. नावावर चालणाऱ्या कोणत्याही जुळणीला ती बाई सापडत नाही. एका पतसंस्थेत अशी एक जोडी पॅनवर जुळली, कारण नाव बदललं तरी पॅन क्रमांक तोच राहतो. एक नोंद माहेरच्या नावाची, एक सासरच्या. दोन्ही क्रमांक एकत्र आणून मी त्यांना जोडलेल्या सगळ्या टेबलांतल्या ओळी तपासत होते. कर्जाच्या टेबलात सासरच्या नावाने कर्जदार होती ती, आणि त्याच कर्जाला जामीनदार म्हणून माहेरच्या नावाने तीच. फोटो दोन्हीकडे एकाच बाईचा. तिला याची कल्पना होती की कुणी तिच्या सह्या घेतल्या होत्या, हे मला कळलं नाही. मी ते लिहून संचालक मंडळाकडे दिलं. माझं काम तिथे संपलं, पण ती जोडी मी विसरले नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी पक्क्या झाल्या. दुबार नोंद नेहमी निष्काळजीपणाची नसते. कधी ती कुणाच्या तरी सोयीची असते. आणि ती पुसली, तर तो पुरावाही पुसला जातो. म्हणून मी नोंद डिलीट करत नाही. जुना क्रमांक कोणता, नवा कोणता, कुणी ठरवलं, कशावरून ठरवलं, कधी ठरवलं, हे एका वेगळ्या टेबलात जातं आणि कायम राहतं. एक केलेले दोन पुन्हा वेगळे करता आले पाहिजेत. नवजात बालकांच्या नोंदींमुळे एका रुग्णालयाला याची किंमत कळली. बाळाचं नाव ठेवलेलं नसतं, म्हणून ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असं लिहितात. जुळी असली की आई तीच, तारीख तीच, बऱ्याचदा लिंगही तेच. आधीच्या एका साफसफाईत जुळ्यांपैकी दुसरं बाळ दुबार म्हणून काढलेलं होतं, आणि त्याच्या तपासण्या पहिल्याच्या कागदांवर चढलेल्या होत्या. कुणी काय एक केलं याची नोंद नसल्यामुळे, कोणती तपासणी कुणाची हे डॉक्टरांना पुन्हा बाळांपासून सुरुवात करून ठरवावं लागलं.

आता कामाच्या दरपत्रकात मी एक ओळ वेगळी लिहिते: मधल्या गठ्ठ्यासाठी संस्थेतला जाणता माणूस, शक्यतो जुना, अमुक दिवस माझ्या शेजारी बसेल आणि त्याचा पगार या कामाच्या खर्चात धरला जाईल. खर्च कमी करायचा म्हटलं की सगळ्यात आधी याच ओळीवर बोट ठेवलं जातं. मी बाकीच्या रकमा कमी करते. ही ओळ काढायचा आग्रह झाला, तर ते काम घेत नाही.